बर्लिनचा कारभारी

इ. स. १८०६ मध्ये येना येथे नेपोलियनच्या फौजांपुढे प्रशियाच्या सैन्याची धूळधाण उडाली, तेव्हा त्या राज्याच्या पुनरुज्जीवनाची चिंता वाहणाऱ्या मुत्सद्द्यांमध्ये बॅरन फोम श्टाइन याने रोगाचे निदान फार खोलवर जाऊन केले. ज्या राज्याच्या कारभारात सामान्य नागरिकाला कसलाच वाटा नाही, त्या राज्यासाठी त्या नागरिकाने प्राण का पणाला लावावेत, हा प्रश्न त्याला पराभवाच्या मुळाशी दिसला. आणि म्हणून १९ नोव्हेंबर १८०८ रोजी जी नगरसंहिता त्याने राजाकडून मंजूर करून घेतली, तिच्या योगाने प्रशियातील नगरांना आपले प्रतिनिधी निवडण्याचा, आपला जमाखर्च तपासण्याचा आणि आपला कारभार आपण चालविण्याचा अधिकार प्राप्त झाला. पुढे शंभर वर्षे जर्मनीच्या राष्ट्रीय राजकारणावर राजे, सरदार आणि सेनापती यांचाच वरचष्मा राहिला व लोकसत्तेला तेथे फारसे स्थान मिळाले नाही. परंतु नगरगृहांतून मात्र पाणी, दिवाबत्ती, रुग्णालये, शाळा आणि ट्रामगाड्या यांचा विचार करता करता जबाबदार लोककारभाराची एक भक्कम परंपरा तयार झाली. एसेनचे महापौर हान्स लुथर १९२५ मध्ये जर्मनीचे चान्सलर झाले, कोलोनचे कोन्राड आडेनौअर १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले, तर एसेनचेच दुसरे एक महापौर गुस्ताव हाइनेमान १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी चढले. या परंपरेतील ज्या पुरुषाला राष्ट्राचे सर्वोच्च पद कधीच लाभले नाही, तरीही ज्याच्या नगरकारभाराने सबंध राष्ट्राची दिशा ठरविली, त्या अर्न्स्ट रॉयटर यांचे चरित्र या लेखाचा विषय आहे.

रॉयटर यांचा जन्म २९ जुलै १८८९ रोजी उत्तर श्लेस्विगमधील आपेनराडे या बंदराच्या गावी झाला. हा मुलूख त्या वेळी प्रशियाच्या अंमलाखाली होता. १९२० मध्ये लोकमतानुसार तो डेन्मार्ककडे गेला. वडील दर्यावर्दी कप्तान व नौकानयनविद्येचे शिक्षक होते, आणि त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब पूर्व फ्रिसलंडमधील लेअर या गावी येऊन राहिले. घरात धर्मनिष्ठा होती, कैसरवर अचल भक्ती होती आणि शिस्तीचा धाक होता. अशा घरातून मारबुर्ग, म्यूनिच व म्युन्स्टर येथील विद्यापीठांत गेलेला हा तरुण इतिहास, भूगोल आणि जर्मन वाङ्मय यांचा अभ्यास करीत असता, कांटच्या तत्त्वज्ञानाला सामाजिक न्यायाची जोड देणाऱ्या मारबुर्गच्या आचार्यांच्या प्रभावाखाली आला व १९१२ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा सभासद झाला. त्या काळी त्या पक्षाचे सभासदत्व म्हणजे सरकारी शिक्षकाच्या नोकरीवर पाणी सोडणेच होते. ती आशा मावळली, घराशी असलेला दुवा तुटला, आणि पुढचे काही दिवस खासगी शिकवण्या करून व पक्षाच्या व्याख्यानांतून मिळणाऱ्या तुटपुंज्या बिदागीवर काढण्याचा प्रसंग रॉयटर यांच्यावर आला.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा युद्धविरोधी मंडळाच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. परंतु पुढच्याच वर्षी सक्तीच्या लष्करभरतीत त्यांना आघाडीवर जावे लागले. १९१६ च्या ऑगस्टमध्ये पूर्व आघाडीवर मांडीला जबर जखम होऊन ते रशियनांच्या हाती सापडले. त्या जखमेने त्यांच्या हाती कायमची काठी दिली, आणि पुढे बर्लिनच्या जनतेला जी मूर्ती परिचयाची झाली—डोक्यावर काळी गोल टोपी, हातात काठी व चालीत किंचित लंगडेपणा—तिचा एक भाग या रशियन रणभूमीवरच घडला. कैदेत असता त्यांनी रशियन भाषा आत्मसात केली आणि तुला प्रांतातील कोळशाच्या खाणीत मजुरी केली. १९१७ मध्ये झारशाही कोसळून बोल्शेव्हिक सत्तेवर आले, तेव्हा युद्धकैद्यांत संघटना बांधणाऱ्या या सुशिक्षित जर्मनाकडे लेनिनचे लक्ष गेले. व्होल्गा नदीच्या काठी, अठराव्या शतकात राणी कॅथरीनच्या निमंत्रणावरून येऊन स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांची मोठी वसाहत होती. तिचा कारभार पाहण्यासाठी १९१८ च्या वसंतात रॉयटर यांना आयुक्त नेमून सारातोव्ह येथे पाठविण्यात आले. अठ्ठावीस वर्षांचा हा माणूस यादवी युद्धाच्या वणव्यात धान्य, शाळा, न्यायदान आणि स्थानिक स्वायत्तता यांची व्यवस्था लावीत बसला होता. लोककारभाराचा त्यांचा पहिला धडा हा असा परक्या देशात, क्रांतीच्या धामधुमीत गिरविला गेला.

जर्मनीत राजसत्ता उलथल्याची वार्ता येताच १९१८ च्या अखेरीस ते स्वदेशी परतले आणि नव्याने स्थापन झालेल्या कम्युनिस्ट पक्षात ‘फ्रिसलंड’ या टोपणनावाने वावरू लागले. हा तरुण बुद्धीने तेजस्वी आहे, परंतु गरजेपेक्षा जास्त स्वतंत्र वृत्तीचा आहे, अशा आशयाचा अभिप्राय लेनिनने दिला होता असे सांगतात. आणि पुढच्या घटना पाहता तो अक्षरशः खरा ठरला. १९२१ च्या मार्चमध्ये मध्य जर्मनीत सशस्त्र उठावाचा जो अविचारी प्रयत्न झाला, त्याला रॉयटर यांनी प्रारंभी पाठिंबाच दिला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पक्षाचे सरचिटणीस झाले. आणि त्या पदावर बसल्यावरच जर्मन कामगारांच्या पक्षाची सूत्रे मॉस्कोहून हलविली जात असल्याचा प्रत्यय त्यांना पदोपदी येऊ लागला. त्यांनी विरोध केला, पद गमावले आणि १९२२ च्या आरंभी पक्षातून त्यांची हकालपट्टी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत ते आपल्या मूळच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात परत आले होते. हुकूमशाहीचे अंतरंग त्यांनी तिच्या गाभाऱ्यात राहून पाहिले होते, आणि या अनुभवाचे मोल पंचवीस वर्षांनंतर बर्लिनला कळावयाचे होते.

आता त्यांच्या आयुष्याचे खरे कार्य सुरू झाले. १९२० च्या कायद्याने ८ नगरे, ५९ खेडी आणि २७ जहागिरी वस्त्या एकत्र करून बृहद्बर्लिन निर्माण करण्यात आले होते, आणि सुमारे ३८ लाख लोकवस्तीचे हे महानगर कागदावर एक झाले असले तरी व्यवहारात विस्कळीतच होते. ट्रामगाड्या एका व्यवस्थापनाखाली, भुयारी व उन्नत रेल्वे दुसऱ्या कंपनीच्या मालकीची आणि बसगाड्या तिसऱ्या कंपनीच्या हाती, अशी वाहतुकीची त्रिस्थळी झाली होती. त्यामुळे उपनगरातील चाळीतून कारखान्याकडे जाणाऱ्या कामगाराला वाटेत वाहन बदलावे लागले की दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागत. १९२६ मध्ये वाहतूक खात्याचे नगरमंत्री म्हणून रॉयटर यांची निवड झाली आणि त्यांनी हा गुंता सोडविण्यास हात घातला. नगराने भुयारी रेल्वेचे भाग विकत घेतले. १९२७ मध्ये २० फेनिगचे एकच तिकीट काढून ट्राममधून भुयारी रेल्वेत बदली करता येईल अशी सोय झाली. आणि १ जानेवारी १९२९ पासून तिन्ही वाहतूकसंस्था एकत्र करून नगराच्या मालकीची एकच संस्था कामाला लागली. त्या काळात नगराच्या मालकीची एवढी मोठी वाहतूकसंस्था जगात क्वचितच असेल.

या सुधारणेत केवळ हिशेबाची सोय नव्हती. त्याच वर्षांत मार्टिन वाग्नर हे नगराचे बांधकाममंत्री होते, आणि ब्रूनो टाउटसारखे स्थापत्यकार नगराच्या कडेला मध्यम व कामगार वर्गासाठी उजेडाची, बागांनी वेढलेली घरे बांधीत होते. घर कितीही चांगले असले, तरी कामाच्या ठिकाणापासून ते दोन तासांच्या वाटेवर असेल तर गरिबाला त्याचा उपयोग नाही, हे ओळखून रॉयटर यांनी भुयारी रेल्वेचे फाटे त्या वसाहतींपर्यंत पोहोचविले. १९२९ च्या डिसेंबरात नैर्ऋत्येकडील जी रेल्वे क्रूमे लांके या तळ्यापर्यंत वाढविण्यात आली, तिच्यावर टाउट यांच्या नव्या वसाहतीसाठी स्वतंत्र स्थानक होते. २० फेनिगच्या त्या तिकिटावर कारखान्यातील कामगार आपल्या मुलाबाळांना पाइनवृक्षांच्या सावलीतल्या घरी घेऊन जाऊ शकत होता. समाजवाद ही व्याख्यानपीठावरून गर्जण्याची गोष्ट नसून वेळापत्रकात व अंदाजपत्रकात उतरविण्याची गोष्ट आहे, अशी रॉयटर यांची खात्री झाली ती याच काळात.

१९३१ मध्ये एल्ब नदीकाठच्या माग्देबुर्ग या औद्योगिक नगराने त्यांना महापौर म्हणून निवडले. जागतिक मंदीने जर्मनीला ग्रासण्याचा तो काळ होता. कारखाने बंद पडत होते, कराचे उत्पन्न आटत होते आणि मदतीसाठी हात पसरणाऱ्यांची रांग नगरगृहाच्या दारात दररोज लांबत होती. तिजोरीत खडखडाट असतानाही रॉयटर यांनी बेकारांना नगराच्या सीमेवर जमीन देऊन स्वतःच्या श्रमाने घरे उभारण्याची योजना राबविली आणि हिवाळ्यात लोकवर्गणीतून अन्न व इंधन पुरविण्याची व्यवस्था लावली. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न तर वर्षानुवर्षे कुजत पडला होता. एल्बच्या वरच्या अंगाच्या खाणींतून व पोटॅशच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या क्षारांमुळे नगराच्या नळांना येणारे पाणी खारट झाले होते. नगराच्या उत्तरेकडील कोल्बिट्झच्या माळरानाखालचे निर्मळ भूजल नळांनी नगरात आणण्याची योजना त्यांच्या कारकिर्दीत फळास आली. उपाशी, त्रस्त आणि संतप्त जनतेला गोडे पाणी मिळवून देणे हे लोकशाहीच्या रक्षणाचेच काम आहे, असे मानणाऱ्या या महापौराला १९३२ च्या जुलैमध्ये मतदारांनी रायश्टागवरही निवडून पाठविले, आणि त्याच्या आयुष्यात नगर व राष्ट्र हे दोन प्रवाह प्रथमच एकत्र आले.

दुर्दैवाने तो संगम घडला तो प्रजासत्ताकाच्या अखेरच्या घटकेस. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि ११ मार्च रोजी त्याच्या गणवेषधारी टोळ्यांनी माग्देबुर्गच्या नगरगृहात घुसून लोकनियुक्त महापौराला पदावरून खाली खेचले. त्याच महिन्याच्या २३ तारखेस हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा रायश्टागमध्ये मंजूर झाला, तेव्हा सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या ९४ सभासदांनीच काय ती विरोधात मते दिली. पुढे रॉयटर यांना लिख्टेनबुर्गच्या छळछावणीत टाकण्यात आले. एल्बच्या परिसरातील प्रेटिन गावचा हा जुना राजवाडा नंतर तुरुंग झाला होता, आणि दुरवस्थेमुळे तो तुरुंगही बंद करण्यात आला होता. नव्या राजवटीने तोच आपल्या विरोधकांसाठी उघडला. १९३४ च्या आरंभी सुटका झाली, परंतु त्याच वर्षी त्यांना पुन्हा त्याच छावणीत नेण्यात आले. मारहाण आणि अपमान यांनी शरीर खचले, परंतु मन खचले नाही. अखेर इंग्लंडमधील क्वेकर पंथीय स्नेह्यांच्या खटपटीने ते सुटले, १९३५ मध्ये हॉलंडमार्गे लंडनला पोहोचले आणि तेथून त्याच वर्षीच्या जूनमध्ये तुर्कस्तानात गेले.

तुर्कस्तानातील अकरा वर्षे हा या चरित्रातील सर्वांत शांत आणि म्हणूनच अनेकदा दुर्लक्षित राहिलेला भाग आहे. कमाल अतातुर्कने १९२३ मध्ये अनातोलियाच्या उजाड पठारावरील अंकारा या लहानशा गावाला राजधानीचा मान दिला होता. तिच्या रचनेचा आराखडा हेर्मान यान्सेन या जर्मन नगररचनाकाराने केला होता, आणि नाझींनी हाकलून दिलेल्या जर्मन पंडितांना तुर्की सरकार आपल्या विद्यापीठांत व कचेऱ्यांत सन्मानाने जागा देत होते. बर्लिनचे मार्टिन वाग्नर आणि ब्रूनो टाउट हेही याच आश्रयाला आले. रॉयटर प्रथम सरकारच्या वाहतूकविषयक दरपत्रकांचे सल्लागार झाले व पुढे राज्यशास्त्राच्या विद्यालयात नगरव्यवस्था आणि नगररचना या विषयांचे अध्यापक झाले. त्यांनी तुर्की भाषा इतकी आत्मसात केली की थोड्याच वर्षांत ते दुभाष्याविना व्याख्याने देऊ लागले, आणि १९४० मध्ये स्थानिक स्वराज्यावरील त्यांचा ग्रंथ तुर्की भाषेतच प्रसिद्ध झाला. जमिनीच्या किमती शहर वाढताच का भडकतात, पाणीपुरवठ्याची मालकी कोणाकडे असावी, नगरपालिकेने कर्ज कोणत्या कामासाठी काढावे व कोणत्या कामासाठी काढू नये, असे प्रश्न ते तुर्की तरुणांपुढे मांडीत. आणि त्या वर्गांतून बाहेर पडलेले तरुण पुढे त्या देशाच्या शासनात अधिकारपदांवर गेले. तुर्कस्तानात नगरशास्त्राच्या अध्ययनाचा पाया घालणाऱ्यांत आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपले राष्ट्र हातचे गेले असता दुसऱ्या राष्ट्राच्या उभारणीला आपली विद्या अर्पण करावी, परंतु मायदेशाची ओढ क्षणभरही सैल पडू देऊ नये, असे हे तपस्व्याचे जीवन होते.

युद्ध संपल्यावरही परतीचा परवाना मिळेपर्यंत दीड वर्ष गेले. १९४६ च्या नोव्हेंबरअखेर रॉयटर बर्लिनला आले, तेव्हा ज्या नगराच्या गाड्या त्यांनी एका सूत्रात बांधल्या होत्या ते नगर विटामातीच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते आणि त्याचे चार तुकडे करून अमेरिका, रशिया, ब्रिटन व फ्रान्स यांनी ते आपसांत वाटून घेतले होते. रशियन मुलखात सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला कम्युनिस्ट पक्षात सक्तीने विलीन करण्यात आले होते. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या निवडणुकीत बर्लिनकरांनी त्या संयुक्त पक्षाला अवघी वीस टक्क्यांच्या आसपास मते देऊन आपला कौल स्पष्ट केला होता. रॉयटर यांच्याकडे वाहतूक व नागरी पुरवठा, म्हणजे ट्राम, पाणी, गॅस आणि वीज ही खाती आली. २४ जून १९४७ रोजी नगरसभेने ८९ मतांनी त्यांना महापौर निवडले. परंतु चार सत्तांच्या संयुक्त मंडळात एकमताचा नियम असल्यामुळे रशियन सेनानी कोटिकोव्ह याने मंजुरी नाकारताच ती निवड निष्फळ ठरली. पक्ष सोडून गेलेल्या ‘फ्रिसलंड’ला मॉस्को विसरले नव्हते. निवडून आलेला परंतु मान्यता न मिळालेला महापौर, अशी त्यांची ख्याती झाली. लुईझ श्रोडर या धीरोदात्त बाईंनी प्रकृती साथ देत नसतानाही महापौरपदाची धुरा वाहिली, आणि रॉयटर आपल्या खात्याच्या दप्तरात पुन्हा बुडून गेले.

बरोबर एक वर्षाने, २४ जून १९४८ रोजी, वेढा पडला. पश्चिम विभागांत नवे चलन आल्याचे निमित्त करून रशियनांनी रेल्वे, रस्ते आणि कालवे बंद केले, पूर्वेकडून येणारी वीज तोडली, आणि वीस लाखांहून अधिक लोकांना उपासमारीच्या धाकाने शरण आणण्याचा डाव टाकला. पश्चिम बर्लिनमध्ये सुमारे ३६ दिवसांचे धान्य आणि ४५ दिवसांचा कोळसा शिल्लक होता. जमिनीवरील मार्गांच्या वापराविषयी दोस्तांनी रशियाकडून लेखी करार करून घेतला नव्हता, ही मोठीच चूक होती. हवाई मार्गांविषयी मात्र नोव्हेंबर १९४५ मध्ये झालेला लेखी ठराव दप्तरी होता, आणि प्रत्येकी ३२ किलोमीटर रुंदीच्या त्या तीन आकाशवाटांवर सबंध नगराचे प्राण लटकले. अमेरिकन सेनापती क्ले यांनी रॉयटर यांना बोलावून विचारले की विमानांनी रसद आणण्याचा प्रयत्न आम्ही करू, परंतु तुमचे लोक टिकाव धरतील काय? या भेटीस रॉयटर यांच्यासोबत विली ब्रांट हा तरुण कार्यकर्ता होता. विमानांनी एवढे मोठे नगर जगेल यावर रॉयटर यांचा स्वतःचा पुरता विश्वास बसला नव्हता. तरीही बर्लिनकर सर्व हाल सोसतील अशी निःशंक ग्वाही त्यांनी दिली. ज्याने या नगरातील घराघरांच्या पाण्याचा व विजेचा हिशेब ठेवला होता, त्यालाच त्या घरांतील माणसांच्या वतीने असे वचन देण्याचा अधिकार होता.

पुढचे अकरा महिने हे वचन सामान्य माणसांनी पाळले. घरगुती वीज दिवसाकाठी दोन दोन तासांच्या दोन हप्त्यांत मिळे, आणि त्यांतला एखादा हप्ता मध्यरात्री आला तर गृहिणी मध्यरात्री उठून स्वयंपाक करीत, कपड्यांना इस्त्री करीत आणि पुन्हा अंधारात झोपी जात. सायंकाळी लवकरच ट्राम व भुयारी रेल्वे बंद होत आणि लोक मैलोगणती अंतर पायी तुडवीत घर गाठीत. ताज्या बटाट्यांऐवजी वाळविलेल्या बटाट्यांचे काप, दुधाऐवजी दुधाची भुकटी, अंड्यांऐवजी अंड्यांची पूड असा शिधा होता. पूर्व विभागात नाव नोंदवाल तर ताजे अन्न व कोळसा देऊ, असे आमिष रशियनांनी दाखविले; परंतु शंभरातल्या चार-पाच जणांपलीकडे कोणी तिकडे फिरकले नाही. टेम्पेलहोफ आणि गाटो हे दोन विमानतळ अपुरे पडू लागताच टेगेल येथे तिसरा विमानतळ अवघ्या तीन महिन्यांत उभा राहिला. तेथे पडक्या घरांच्या विटा फोडून धावपट्टीचा पाया भरणाऱ्या हजारो मजुरांत बायकांची संख्या फार मोठी होती. १६ एप्रिल १९४९ या एका दिवसात सुमारे १,४०० विमानफेऱ्यांनी जवळजवळ १३ हजार टन माल उतरविला; वेढा उठून साठा पूर्ववत होईपर्यंत एकंदर सुमारे २३ लाख टन माल आकाशमार्गे आला आणि त्यात दोनतृतीयांश भाग कोळशाचा होता. या कामी ३९ ब्रिटिश व ३१ अमेरिकन माणसांनी प्राण वेचले. तीनच वर्षांपूर्वी ज्या शहरावर बाँब टाकले, त्याच शहराला जगविताना ते मृत्युमुखी पडले, ही गोष्ट बर्लिनकर विसरले नाहीत.

वेढा चालू असतानाच, १९४८ च्या सप्टेंबरच्या ६ तारखेस कम्युनिस्ट जमावाने पूर्व विभागातील नगरसभा उधळून लावली आणि सभासदांना पश्चिमेकडील विद्यार्थिगृहात बैठक भरवावी लागली. त्याचा निषेध म्हणून ९ सप्टेंबर रोजी रायश्टागच्या भग्न इमारतीपुढे सुमारे तीन लाख माणसे जमली. तिथे रॉयटर यांनी जे भाषण केले ते त्यांच्या आयुष्याचा कळस ठरले. या नगराकडे पाहा, या लोकांना वाऱ्यावर सोडून देण्याचा तुम्हांला अधिकार नाही, असे त्यांनी जगातील राष्ट्रांना उद्देशून आवाहन केले. त्या वाणीत याचना नव्हती. उपाशी माणसाने भाकरीसाठी पसरलेला हात तेथे नव्हता. सारे हाल सोसण्यास सिद्ध झालेल्या जनतेने आपल्या बाजूचे कर्तव्य पार पाडले आहे, आता तुम्ही तुमचे पार पाडा, असा तो समानतेच्या नात्याने केलेला तगादा होता. ज्या जर्मनीने तीन वर्षांपूर्वीपर्यंत जगाला छळले होते, तिच्या एका नगराने स्वातंत्र्याच्या नावाने जगाला हाक मारावी आणि जगाने ती ऐकावी, हा नैतिक पालट त्या दिवशी घडला. डिसेंबरच्या ५ तारखेस पश्चिम विभागांत निवडणूक झाली. शंभरातील ८६ मतदारांनी मतदान केले व रॉयटर यांच्या पक्षाला ६४.५ टक्के मते पडली. रॉयटर आता प्रत्यक्ष महापौर झाले, आणि एवढे बहुमत असूनही संकटकाळी एका पक्षाने राज्य करू नये या विचाराने त्यांनी इतर लोकशाही पक्षांनाही कारभारात सामील करून घेतले. त्याच आठवड्यात त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या स्वतंत्र विद्यापीठाचे औपचारिक उद्घाटनही झाले.

वेढा अद्याप उठलेला नव्हता, अशा १९४९ च्या मार्चमध्ये त्यांनी केलेली एक गोष्ट त्यांच्या कारभाराचे मर्म सांगते. नगराच्या मध्यभागीचे टिअरगार्टेन हे विशाल उपवन युद्धात भाजून निघाले होते आणि उरलीसुरली झाडे लोकांनी सरपणासाठी तोडून तेथे बटाटे व कोबी लावले होते. १७ मार्च रोजी रॉयटर यांनी तेथे लिंडनचे पहिले रोप लावले, आणि त्यामागोमाग जर्मनीतील इतर नगरांनी भेट दिलेली रोपे त्या उजाड भूमीत रुजविण्यात आली. कोळशाची एकेक गोणी मोजणाऱ्या या महापौराने पन्नास वर्षांनंतर सावली देणाऱ्या झाडाचाही हिशेब मनात ठेवला होता. १२ मे रोजी वेढा उठला.

राष्ट्रीय राजकारणात रॉयटर यांनी जे निर्णायक पाऊल टाकले, तेही याच वेढ्याच्या पहिल्या महिन्यात. दोस्त राष्ट्रांनी पश्चिमेकडील प्रांतांना स्वतंत्र राज्यघटना करण्याचे सुचविले होते. परंतु आपण अशी घटना केली तर देशाची फाळणी आपल्याच हातांनी कायम होईल, या भीतीने प्रांतांचे मुख्यमंत्री कचरत होते, आणि कोब्लेन्ट्सजवळच्या बैठकीत लुईझ श्रोडर यांनीही बर्लिनच्या वतीने सबुरीचाच सल्ला दिला होता. जुलैच्या उत्तरार्धात नीडरवाल्ड येथील बैठकीस मात्र रॉयटर स्वतः गेले व त्यांनी अगदी उलट भूमिका मांडली. फाळणी आपण करावयाची नाही, ती झालेलीच आहे. पश्चिमेत सुदृढ लोकशाही राज्य उभे राहील तरच बर्लिन जगेल आणि पूर्वेकडील बांधवांना एके दिवशी परत येण्यास जागा राहील, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. ज्या नगराला नव्या राज्याबाहेर राहावे लागण्याचा धोका सर्वांत अधिक, त्याच नगराचा प्रतिनिधी असे बोलला, तेव्हा इतरांचे हातपाय गळण्याचे कारणच उरले नाही. सप्टेंबरमध्ये बॉन येथे घटनासमिती बसली. तीत बर्लिनच्या पाच प्रतिनिधींना मताचा अधिकार नव्हता, तरी त्यांत रॉयटर होते. २३ मे १९४९ रोजी नवी राज्यघटना अमलात आली. तीत बर्लिनचा उल्लेख होता, परंतु दोस्तांच्या आग्रहामुळे ते नगर पूर्णार्थाने संघराज्यात सामावले गेले नाही, आणि त्यामुळे आपल्या नगरासाठी बॉनच्या दारी पैसा, कायदे व हक्क मिळविण्याची खटपट त्यांना अखेरपर्यंत करावी लागली. आडेनौअर यांच्या सरकारशी त्यांचे मतभेद होते. स्वपक्षाचे कणखर नेते कर्ट शूमाकर यांच्याशीही पश्चिमी राष्ट्रांशी सहकार्य करण्याच्या प्रश्नावर त्यांचे पटत नसे. पण पक्षाच्या चौकटीपेक्षा आपल्या नगराची निकड त्यांना नेहमीच मोठी वाटली.

१९५० मध्ये पश्चिम बर्लिनला नवी सनद मिळाली आणि तिच्या अन्वये ‘शासक महापौर’ हे पद धारण करणारे पहिले पुरुष रॉयटर झाले. विजय झाला होता, परंतु नगर दरिद्री होते. बेकारांचा आकडा तीन लाखांच्या घरात गेला होता आणि पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे रोज येत होते. १९५३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यासाठी मारियनफेल्डे येथे स्वतंत्र छावणी उघडण्यात आली. जूनच्या १७ तारखेस पूर्व बर्लिनच्या कामगारांनी उठाव केला व रशियन रणगाड्यांनी तो चिरडला, तेव्हा रॉयटर युरोपीय नगरांच्या संमेलनासाठी व्हिएन्नास गेले होते. वेळेवर विमान न मिळाल्याने त्या निर्णायक प्रहरी ते आपल्या लोकांत पोहोचू शकले नाहीत, आणि ते शल्य त्यांना टोचत राहिले. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी हृदयविकाराने चौसष्टाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. मागील नाताळात त्यांनीच युद्धकैद्यांच्या आठवणीसाठी खिडक्यांत मेणबत्त्या लावण्याचे आवाहन केले होते. त्या रात्री कोणीही न सांगता बर्लिनच्या खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लागल्या.

रॉयटर यांच्या मोठेपणाचे वर्णन करताना पुष्कळ लेखक त्या एका भाषणापाशी थांबतात, आणि त्यामुळे त्यांच्या चरित्राचा अर्थ अर्धाच हाती लागतो. ते भाषण करणारा माणूस आदल्या वर्षभर वीजघरांच्या कोळशाची टिपणे करीत होता, हे विसरून चालणार नाही. वेढ्यात पश्चिम बर्लिनची वीज तुटली तेव्हा रशियनांनी लुटलेले पश्चिमेचे वीजघर पुन्हा बांधण्याचा आग्रह त्यांनी धरला व त्याची यंत्रसामग्री विमानांनी आणविली. त्या वीजघराला मृत्यूनंतर त्यांचेच नाव देण्यात आले, आणि त्यांच्या कर्तृत्वाला इतके अनुरूप स्मारक दुसरे सुचणे कठीण आहे. ज्या जनतेला आपले पाणी, आपले दिवे आणि आपल्या गाड्या यांचा कारभार प्रामाणिकपणे चालविला जातो असा अनुभव वर्षानुवर्षे आला आहे, तीच जनता कसोटीच्या वेळी त्या कारभाऱ्याच्या शब्दावर उपास सोसते. हा विश्वास सभेच्या दिवशी निर्माण करता येत नाही, तो आधी दररोज कमवावा लागतो. क्रांतीच्या मार्गाने माणसाला सुखी करण्याचे स्वप्न रॉयटर यांनी तरुणपणी पाहिले, त्यासाठी झटले आणि ते सोडले. पण त्या स्वप्नातील न्यायाची तळमळ त्यांनी सोडली नाही, ती नगराच्या जमाखर्चात ओतली. स्थानिक स्वराज्याकडे दिल्लीदरबारी जाण्याची पायरी म्हणून पाहणाऱ्यांची संख्या कोणत्याही देशात कमी नसते. परंतु नगराचा कारभार हेच राष्ट्रकार्य मानून त्यात आयुष्य झिजविणारा एखादा पुरुष निपजला, तर एका शहराच्या बळावर सबंध राष्ट्राची लाज राखली जाते, आणि रॉयटर यांनी ती राखली.